घरचं घरी : चार बोटांची फट

मैत्रिणींनो, या पानावर मी तुम्हांला दर आठवड्याला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगते. तेव्हा कधीतरी स्वतःचा मूर्खपणाही सांगायला हवा, नाही का? शिवाय दसरा-दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. घरोघरी पडदे उतरवायचे, धुवायचे दिवस. माझी चूक ऐकून तुमचे पडदे वाचले, तर ती सांगण्याचं चीज झालं म्हणेन.

गोष्ट गेल्या वर्षीची. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पुढचे काही महिने त्यांनी पलंगावरच काढायचे असं ठरलं. आम्ही राहतो तळमजल्यावर. त्यांचा पलंग मधल्या खोलीत खिडकीला टेकवून लावला, म्हणजे उजेड राहील, चार माणसं दिसतील. खिडकीबाहेरूनच सोसायटीत येण्याजाण्याची वाट. दूधवाला, पेपरवाला, शाळेला निघालेली मुलं, सगळी वर्दळ तिथूनच. आईंना ती हवीहवीशी वाटायची. पण अंग पुसायचं, कपडे बदलायचे, सगळं पलंगावरच. तेव्हा खिडकीला चांगल्या घट्ट विणीचा पडदा हवाच होता.

मी हातमागाच्या प्रदर्शनातून सुती कापड आणलं. मातकट हिरवं, बारीक रेघांचं, हाताला गार लागणारं. आमच्या शिंपी मास्तरांकडे दिलं. गेली वीस वर्षं घरातलं सगळं शिवणकाम त्यांच्याकडेच. पलंग खिडकीला टेकलेला, त्यामुळे पडदा खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच हवा होता, बरोब्बर ६० इंच. मास्तरांनी कापड चुरगाळून पाहिलं आणि विचारलं, “वहिनी, कोरं आहे. भिजवून घेऊ का? दोन-तीन दिवस जास्त लागतील.”

मी म्हटलं, “छे हो, आई परवा घरी येताहेत. तुम्ही आपले शिवून टाका.”

पडदे आले, लागले, छान दिसले. मग दसऱ्याआधी मी ते उतरवले, इतर कपड्यांबरोबर मशीनला टाकले, तेही गरम पाण्यात, आणि कडक उन्हात वाळवले. पुन्हा टांगले तर काय, पडदा कट्ट्याच्या वर चार बोटं!

माझं डोकंच फिरलं. पडदा पिशवीत कोंबला आणि तडक मास्तरांचं दुकान गाठलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, मशीनवर त्यांचा पोरगा होता. त्या सगळ्यांदेखत मी बोलून गेले, “मास्तर, कापड कमी लावलंत तुम्ही. उरलेलं ठेवून घेतलंत की काय?” मास्तर काहीच बोलले नाहीत. त्यांनी बिलबुक काढलं, पानं उलटली आणि माझ्यापुढे धरलं. त्यावर माझ्याच नावाखाली लिहिलं होतं : लांबी ६० इंच. आणि त्याखाली दोन शब्द : कोरे कापड.

मी पडदा उचलला आणि घरी आले. माफी मागितली नाही. ‘एवढं आटतं म्हणजे काय? त्यांनीच ठासून सांगायला नको होतं का?’ असं स्वतःला समजावत राहिले. आखूड पडदा तसाच टांगला. चार बोटंच तर आहेत, कोण बघतंय!

त्यानंतर आठवड्याभरात आई म्हणाल्या, “सकाळी नको गं अंग पुसूस. रात्री सगळं निजानीज झाली की पूस. आणि दिवा नको लावूस.” मला वाटलं, आजारपणाचा हट्ट. थोडी कुरकुरलेही, कारण दिवसभराच्या कामानंतर रात्री अकराला पाण्याचं भांडं घेऊन बसायचं म्हणजे जिवावर यायचं. मग एका संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. घरात दिवा लागलेला. सहज खिडकीकडे पाहिलं. त्या चार बोटांच्या फटीतून आईंचा पलंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. त्यांचा हात, उशी, पायावरचं पांघरूण, सगळं. कट्टा आणि पलंग जवळजवळ एकाच उंचीचे, त्यामुळे फट नेमकी तिथेच पडली होती. आईंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुनेला कशाला बोलायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

त्याच पावली मी मास्तरांकडे गेले. काय बोलले ते शेवटी सांगते. आधी कामाचं बोलू.

कापड आटतं का?

मागावर किंवा गिरणीत कापड विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात. त्यावर खळ चढते, इस्त्री फिरते आणि तो ताण तसाच कापडात राहतो. घरी कापड पाण्यात बुडालं की धागे फुगतात, सैल होतात आणि आपल्या मूळ जागी येऊन बसतात. म्हणून कापड आडव्यापेक्षा उभ्यात जास्त आटतं, आणि पडद्याची लांबी बहुतेक उभ्या धाग्याचीच असते. गरम पाणी, मशीनमधली घुसळण आणि ड्रायर यांनी त्यात भरच पडते.

किती आटतं? साधं न भिजवलेलं सुती कापड शेकडा ३ ते ५ सहज आटतं. सैल विणीचं त्याहूनही जास्त. शेकडा ५ म्हणजे ६० इंचांत ३ इंच. माझी चार बोटं हीच! दाराच्या ७ फुटी पडद्यात तेच ४ इंचांच्या वर जातं. लिननची गत सुतासारखीच. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, पाण्याला फारच हळवं. पॉलिएस्टर जवळजवळ आटत नाही, पण त्यावर कडक इस्त्री टेकवलीत तर ते आखडतं, तेव्हा तिथे सांभाळा.

तुमच्यापैकी ज्या पन्नाशी-साठीच्या पुढच्या असतील, त्यांना कापडाच्या काठावरचा ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का आठवत असेल. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास ही पद्धत काढली. कापड गिरणीतच वाफेने आणि दाबाने आधीच आखडून घ्यायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी ते शेकडा एकाहून जास्त आटत नाही. आजही गिरणीच्या पुष्कळ कापडावर अशी प्रक्रिया झालेली असते. हातमागाच्या आणि प्रदर्शनातल्या कापडावर ती बहुधा नसते. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा, “हे आधी आटवलेलं आहे का?” आणि त्याने ‘हो’ म्हटलं तरी पुढे सांगितलेली परीक्षा घ्याच.

आधी मोजा, मग बोला

पडदा आखूड दिसला की माझ्यासारखं दुकानाकडे धावू नका. आधी टेप घ्या. पडदा जमिनीवर सपाट पसरा आणि दोन्ही कडांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी लांबी मोजा. बिलावरच्या मापाशी ताडून पाहा.

तिन्ही मापं सारखीच कमी भरली, तर कापड आटलं आहे. कडा आखूड आणि मध्य लांब असेल, तर शिवणीचा दोरा किंवा कडेची पट्टी आटली आहे. तेवढी शिवण उसवून सैल टीप मारली की काम होतं. वरून कापड ठीक पण खाली झोळ आला असेल, तर अस्तर आणि कापड वेगवेगळं आटलं आहे. अस्तराची खालची शिवण उसवून ते नुसतं वरून लोंबतं ठेवा. लांबी बिलाप्रमाणेच असेल, तर दोष मूळ मापाचा. माप कोणी घेतलं होतं, ते आठवा!

एका भगिनीने विचारलं होतं की न धुताच तिचे लिननचे पडदे आखूड झाले, हे कसं? त्याचंही उत्तर इथेच. लिनन आणि व्हिस्कोस हवेतला ओलावा पितात. पावसाळ्याच्या दमट हवेत ते थोडे लोंबतात आणि थंडीच्या कोरड्या हवेत वर चढतात. बोटभर फरकासाठी शिंप्याला दोष देऊ नये, आणि असे पडदे जमिनीला अगदी टेकतील असे मापून शिवूही नयेत.

आटलेल्या पडद्याचं काय करावं?

सगळ्यांत सोप्यापासून सुरुवात करू या.

१. ओला करून ओढा. पडदा पुन्हा साध्या गार पाण्यात भिजवा, पिळू नका, पाणी निथळू द्या. मग दोघींनी दोन टोकं धरून, आपण सुती साडी झटकून ओढतो ना, तसा लांबीच्या दिशेने हळूहळू ओढा. दमट असतानाच उलट्या बाजूने, लांबीच्या दिशेने इस्त्री फिरवा आणि लगेच टांगा. याने इंचभर लांबी परत मिळते. अर्थात पुढच्या धुण्यात ती पुन्हा जाणार, हे लक्षात असू द्या. व्हिस्कोसवर मात्र ओढाताण करू नका. ते ओलं असताना कमजोर होतं आणि फाटतं.

२. वरचे हुक सरकवा. चुण्यांच्या पडद्याला मागे पट्टी असते आणि तिच्यात हुक अडकवायला दोन-तीन ओळी असतात. हुक वरच्या ओळीत लावला की पडदा तेवढा खाली येतो. लूपचे पडदे असतील तर लूप लांब करून घ्या. गोल रिंगांच्या पडद्यांना मात्र ही सोय नाही.

३. खालची दुमड उसवा. हा खरा उपाय. दुमड उसवून सगळं कापड खाली सोडायचं आणि मागून दुसऱ्या कापडाची अडीच-तीन इंची पट्टी लावून खोटी दुमड घालायची. पुढून काही कळत नाही. जुन्या दुमडीची रेघ उरते. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून ते फडक्याने रेघेवर लावा आणि इस्त्री करा, बहुतेक रेघ जाते. आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जात नाही ना, ते पाहून घ्या. उन्हाने विटून पडलेली रेघ मात्र जात नाही. तिच्यावर बारीक गोट किंवा लेस लावावी. नवी दुमड लगेच पक्की करू नका. कच्चा धावदोरा घालून पडदा दोन दिवस टांगा, तो स्थिरावला की मग टीप मारा.

४. काठ जोडा. दुमडीत कापडच नसेल तर खाली नवा काठ लावा. यातली मेख सांगते. ४ इंच कमी पडतात म्हणून ४ इंचांचीच पट्टी लावलीत तर ती ठिगळच दिसते. मूळ पडदा आणखी थोडा कापा आणि ८-१० इंचांचा ठसठशीत काठ लावा. त्याच खोलीतल्या न आटलेल्या पडद्यालाही तसाच लावा. मग कोणी म्हणणार नाही की पडदा आटला होता, म्हणतील, “अय्या, कुठून आणलास?” जुन्या साडीचे काठ वापरणार असाल तर दोन गोष्टी बघा. काठ आधी धुतलेला हवा, नाहीतर तो आटून पडद्याला चुण्या पाडेल. आणि पांढरा ओला रुमाल त्यावर घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर तो काठ पडद्याला नको.

५. रॉड खाली आणा. हा उपाय अगदी शेवटी. भिंतीला नवी भोकं पडतात, जुनी बुजवावी लागतात आणि खिडकीच्या वर फट पडते. पेलमेट असेल तर ती झाकली जाते, नाहीतर एका फटीच्या जागी दुसरी फट!

६. पडद्याची बदली करा. दाराचा ७ फुटी पडदा आटला तर तो स्वयंपाकघराच्या किंवा मुलांच्या खोलीच्या खिडकीला छान बसतो. नवं कापड घ्यायचंच असेल तर ते दारासाठी घ्या.

नवे पडदे शिवताना

हा भाग कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलात तरी चालेल.

कापड घेण्याआधी जमलं तर अर्धा मीटर नमुना आणा. त्यावर रंगीत दोऱ्याने १० इंच लांब आणि १० इंच रुंद असा चौकोन घाला. तो नेहमीसारखा धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजा. अर्धा इंच गेला तर कापड शेकडा ५ आटतं. यावरून किती घ्यायचं त्याचा हिशेब करा. ६० इंची पडद्याला वरची दुमड ४ इंच आणि खालची ८ इंच धरली की ७२ इंच झाले. शेकडा ५ आटणार असेल तर ७६ इंच कापड घ्या. हे एका पानाचं. चौकटी किंवा मोठी फुलं असतील तर ती जुळवायला आणखी लागेल.

कापड कापण्याआधी अख्खं भिजवा, तेही पुढे ज्या रीतीने धुणार असाल त्याच रीतीने. नंतर मशीनमध्ये गरम पाण्यात धुणार आणि आज नुसतं गार पाण्यातून काढणार, तर उपयोग शून्य. जाडसर कापड दोनदा भिजवा, कारण पहिल्या पाण्यात बरंच आटलं तरी थोडं पुढच्यासाठी उरतं. पाण्यात मूठभर मीठ टाकलं की रंग पक्का होतो, असं आपण आईकडून ऐकत आलो आहोत. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही, बरं का. रंग सुटतोय असं दिसलं तर तो पडदा कायम वेगळाच धुवा. भिजवल्यावर खळ निघून जाते आणि कापड मलूल दिसतं, त्याने नाराज होऊ नका. नंतर हलकी खळ द्या, पुन्हा रूप येतं. अस्तर लावणार असाल तर तेही भिजवा आणि फक्त वरून जोडायला सांगा.

शिंप्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा : खालची दुमड दुहेरी आणि खोल ठेवा, दुमडीला हातशिलाई किंवा सहज उसवेल अशी टीप घाला, आणि बिलावर लांबी, रुंदी व कापड भिजवलेलं की कोरं, हे लिहा. त्या एका ओळीने दोघांचंही भांडण वाचतं.

पडदे धुताना गार पाणी, कमी घुसळण आणि सावलीत वाळवण. पूर्ण सुकण्याआधीच काढून रॉडवर टांगा. स्वतःच्याच वजनाने सरळ होतात आणि इस्त्रीचं कामही निम्मं होतं.

लाँड्रीने बिघडवले तर?

तयार पडद्याच्या लेबलवर ‘गार पाण्यात’ किंवा ‘ड्रायक्लीन’ लिहिलेलं असूनही लाँड्रीने भलतंच केलं, किंवा दुकानदाराने ‘आटणार नाही’ असं बिलावर लिहून दिलं आणि ते आटले, तर मात्र गप्प बसू नका. पावती, लेबल, आधीचं आणि नंतरचं माप जपून ठेवा. आधी गोडीने बोला, मग लेखी द्या. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. पण हे सगळं दोष खरोखर दुसऱ्याचा असेल तेव्हा, हं! आधी बिल वाचा.

आता राहिली माझी गोष्ट. त्या संध्याकाळी दुकानात पुन्हा दोन-तीन गिऱ्हाइकं होतीच. मनात आलं, ही गेली की बोलू. मग वाटलं, बोलले होते सगळ्यांदेखत, आता माफी कोपऱ्यात कशी मागायची? म्हटलं, “मास्तर, चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतंत, मीच नको म्हटलं. नको ते बोलले, मनात ठेवू नका.” मास्तरांनी मान हलवली, पडदा हातात घेतला आणि खालची दुमड माझ्यापुढे उलटून दाखवली. आत तीन-तीन इंचांची दुहेरी घडी होती. कोरं कापड म्हणून त्यांनी ती मुद्दामच खोल ठेवली होती. ज्या कापडाचा मी त्यांच्यावर आळ घेतला, ते माझ्याच पडद्यात होतं, वहिनी पुन्हा येतील म्हणून राखून ठेवलेलं.

रात्री आठला ते स्वतः घरी आले, खिडकीचं माप घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा कट्ट्याखाली दोन इंच उतरला. मी बाहेर जाऊन चारही बाजूंनी पाहून आले. मग गरम पाण्याचं भांडं घेऊन आईंजवळ बसले. भर दहाचा सुमार, बाहेर मुलांचा गलका चालला होता.

“आई, आता पुसू का अंग?”

त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “पूस. आणि दिवा लाव गं, पाठीला नीट दिसेल तुला.”